‘सवय होईल’ हे उत्तर केव्हा चुकते: रात्रीच्या माउथ गार्डचे एक प्रकरण

झोपेत दात खाणाऱ्या व्यक्तीला रात्रीचा माउथ गार्ड (झोपताना दातांवर बसवायचे आवरण) दिल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत जे फोन येतात, त्यांतील बहुतेकांना आम्ही दंतवैद्य एकच उत्तर देतो: सवय होईल. हे उत्तर पुष्कळदा खरे ठरते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. ज्या तक्रारी खरोखर सवयीने जातात आणि ज्या गार्डमधील दोषामुळे उद्भवतात, त्या दोन्ही रुग्णाच्या बोलण्यात ‘त्रास होतो’ या एकाच शब्दप्रयोगात येतात. पुढील प्रकरणात हा फरक ओळखायला मला बारा दिवस लागले, आणि तो मी शोधून काढला असेही म्हणता येणार नाही. रुग्णाने ठेवलेल्या वहीत तो आधीच लिहिलेला होता. प्रकरण रुग्णाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून मांडले आहे.

रुग्ण आणि तक्रार

रुग्ण ४१ वर्षांच्या, व्यवसायाने मुद्रितशोधक. दिवसातील सात-आठ तास पडद्यावरील मजकुरावर नजर खिळवून बसण्याचे काम. खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेतील फिलिंगचा कोपरा तीन वर्षांत तिसऱ्यांदा तुटला, म्हणून त्या आल्या होत्या. दात खाण्याचा उल्लेख त्यांनी स्वतःहून केला नाही. सकाळी उठल्यावर डोके दुखते का, असे विचारल्यावर दोन्ही कानशिले जड असतात आणि न्याहारीपर्यंत ती मोकळी होतात, असे त्यांनी सांगितले. रात्री करकर असा आवाज येतो हे पतीने अनेकदा सांगूनही त्यांनी ते फारसे मनावर घेतले नव्हते, कारण स्वतःला तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. यात नवल नाही. झोपेत दात खाणाऱ्या माणसाला आपण दात खातो हे बहुधा दुसऱ्याकडूनच कळते.

तपासणीत दोन्ही बाजूंच्या सुळ्यांची टोके सपाट झालेली होती आणि खालचा जबडा बाजूला सरकवला असता वरच्या व खालच्या सुळ्यांचे झिजलेले भाग एकमेकांवर कुलपात किल्ली बसावी तसे बसत होते. गालांच्या आतल्या बाजूस दात मिटतात त्या पातळीवर पांढरी रेघ होती, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, आणि गालातील चावण्याचा स्नायू दोन्हीकडे टणक असून डावीकडे दाबल्यावर दुखत होता. तोंड ४६ मिलिमीटर उघडत होते, सांध्यात आवाज किंवा अडकणे नव्हते. एकही दात हलत नव्हता.

या खुणांपैकी एकटी कोणतीही खूण निर्णायक नसते. झिजलेले सुळे एवढेच सांगतात की कधीतरी झीज झाली. ती गेल्या वर्षी झाली की विशीत, हे दात सांगत नाहीत. म्हणूनच २०१३ आणि २०१८ मध्ये या विषयातील तज्ज्ञांनी मांडलेल्या सहमतीत निदानाच्या पायऱ्या केल्या आहेत: केवळ सांगण्यावरून ‘शक्य’, तपासणीतील खुणांची जोड मिळाल्यास ‘संभाव्य’, आणि झोपेत स्नायूंची विद्युत-नोंद घेतल्यावरच ‘निश्चित’. या रुग्णाच्या बाबतीत आम्ही दुसऱ्या पायरीवर थांबलो. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा पेंगणे यांविषयी मुद्दाम विचारले, कारण झोपेत श्वास अडखळणाऱ्या काही रुग्णांत वरच्या जबड्याच्या गार्डने तो त्रास वाढल्याचे आढळलेले आहे. तसे काही नव्हते. नैराश्यावरील काही औषधांनी, विशेषतः सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणाऱ्या औषधांनी, दात खाणे सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते. अशी कोणतीही औषधे चालू नव्हती. चहा-कॉफी दिवसाकाठी चार-पाच कप, त्यांतील शेवटचा रात्री काम संपवताना.

एक गोष्ट मात्र तपासणीच्या खुर्चीतच दिसली. मी मागे वळून नोंदी लिहीत असताना रुग्ण समोरचे माहितीपत्रक वाचत होत्या, आणि त्यांच्या गालाचा स्नायू थोड्या थोड्या वेळाने फुगत होता. विश्रांतीत वरच्या व खालच्या दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. दात एकमेकांना खरे म्हणजे गिळताना आणि चावतानाच लागावेत. या बाई वाचताना दात मिटून बसत होत्या. तेव्हा मी ते नोंदवून ठेवले आणि विसरलो. पुढे त्याचा उपयोग झाला.

गार्डची निवड

रुग्णाने दोन वर्षांपूर्वी दुकानातून मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा गार्ड वापरून पाहिला होता. चार रात्रींत त्याला दाढांच्या जागी भोके पडली आणि जबडा अधिकच आंबला, म्हणून तो टाकून देण्यात आला. मऊ गार्ड सर्वांनाच वाईट असे नाही, पण काही लोक तो अक्षरशः चघळतात, आणि अशा काहींमध्ये स्नायूंची हालचाल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. त्या चार रात्रींनंतर ‘आपल्याला हे जमणारे नाही’ अशी रुग्णाची खात्री झाली होती. गार्डच्या बाबतीत आधीच्या अपयशाचे ओझे फार असते. नव्या गार्डचा पहिला त्रास सुरू होताच रुग्ण जुन्या निष्कर्षाकडे परततो.

आम्ही वरच्या सर्व दातांना झाकणारा कडक अॅक्रिलिकचा गार्ड ठरवला. त्याची खालची बाजू जवळजवळ सपाट असते. खालचे सगळे दात त्यावर एकाच वेळी, सारख्या दाबाने टेकावेत आणि जबडा बाजूला सरकला की सुळ्यांच्या उतारावरून दाढा सुट्या व्हाव्यात, अशी त्याची रचना असते. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी साधनेही मिळतात. ती तोंडात कमी जागा घेतात, पण मागच्या दाढांना रात्रभर आधार न मिळाल्याने कालांतराने त्या वर येऊन दातांची जुळणी बिघडू शकते आणि इतके लहान साधन झोपेत गिळले जाण्याची वा श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते. मी ती सहसा देत नाही.

अल्जिनेटने (तोंडात घट्ट होणाऱ्या, माप घेण्याच्या लगद्याने) वरच्या आणि खालच्या दातांची मापे घेतली, मेणात दातांच्या जुळणीची नोंद घेतली आणि ते सर्व लॅबला पाठवले. या दिवशी खालच्या डाव्या दाढेचा कोपरा तुटलेल्याच अवस्थेत होता. हे वाक्य पुढील सर्व गोष्टींचे मूळ आहे.

दहा दिवसांनी गार्ड तयार होऊन आला. रुग्णाची एक फेरी वाचावी म्हणून मी त्याच भेटीत आधी डाव्या दाढेचे फिलिंग नव्याने केले आणि लगेच गार्ड बसवला. गार्ड दातांवर घट्ट पण सहज बसला, बोटाने दाबल्यावर डगमगला नाही. दात टेकतात तिथे खूण उमटवणारा निळा कागद दातांमध्ये धरून टकटक करायला सांगितले, खुणा पाहिल्या, जास्त गडद खुणांच्या जागी अॅक्रिलिक खरवडले. ‘आता दोन्हीकडे सारखे लागते का?’ असे विचारल्यावर रुग्णाने सांगितले, ‘उजवीकडे थोडे आधी लागते.’ मी उजवी बाजू आणखी खरवडली. दोन फेऱ्यांनंतर ‘आता ठीक वाटते’ असे उत्तर आले. कडा गुळगुळीत केल्या, काळजी कशी घ्यायची ते सांगितले आणि रुग्णाला घरी पाठवले.

पहिल्या अकरा रात्री

मुद्रितशोधकाच्या हाती नियम दिला की तो पाळला जातो. रोज गार्ड घातल्याची व काढल्याची वेळ लिहा, एवढेच मी सांगितले होते. बाईंनी त्याला स्वतःच्या मनाने आणखी रकाने जोडले: लाळ, उमासे, दातांवर वाटणारा दाब किती वेळ टिकला, सकाळी दुखणे शून्य ते दहा यांत किती आणि कोणत्या बाजूला, आणि गार्ड काढल्यावर दात ‘आपले वाटेपर्यंत’ किती मिनिटे लागली. हा शेवटचा शब्दप्रयोग त्यांचाच. दातांच्या जुळणीविषयी इतके नेमके बोलणारा रुग्ण मी क्वचितच पाहिला आहे.

पहिल्या रात्री गार्ड साडेदहाला घातला. पहाटे जाग आली तेव्हा तो तोंडात नव्हता. पलंगावर शोधल्यावर उशीखाली सापडला. काढल्याचे आठवत नव्हते. नव्या गार्डच्या बाबतीत ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि यात रुग्णाचा काही दोष नसतो. झोपेतल्या हातांना समजावता येत नाही. दुसऱ्या रात्री तीन तास, उशी लाळेने ओली. तोंडात कोणतीही नवी वस्तू आली की शरीर ती अन्न समजून लाळ सोडते, आणि ही वस्तू चावली किंवा गिळली जाणार नाही हे त्याला कळायला काही दिवस लागतात. तिसऱ्या रात्री चार तास. गार्ड घालताना दोनदा उमासे आले. चौथ्या रात्री पहिल्यांदा पूर्ण साडेसहा तास, उशी कोरडी, उमासे नाहीत, दातांवरचा दाब सुरुवातीला दहा मिनिटे जाणवत असे तो दोन मिनिटांवर आला. येथपर्यंतची वही पाहून कोणीही म्हणाले असते की सर्व सुरळीत चालले आहे.

मात्र त्याच सकाळी शेवटच्या रकान्यात २० मिनिटे लिहिलेली आहेत. पाचव्या सकाळी ४० मिनिटे, आणि दुखण्याच्या रकान्यात ‘३, डावे कानशील’. सहाव्या दिवशी रुग्णाने फोन केला. गार्ड काढल्यावर डावीकडचे दात उजवीकडच्या आधी मिटतात आणि डावा जबडा आंबलेला वाटतो, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. मी दुसऱ्या रुग्णाच्या कामात होतो. पहिल्या आठवड्यात असे वाटते, सवय होईल, असे सांगून मी फोन ठेवला. सातव्या सकाळी जुळणी दहा वाजेपर्यंत विचित्र होती आणि दुखणे ५ होते. आठव्या रात्री तीन वाजता गार्ड काढून ठेवला, या वेळी पूर्ण जागेपणी. नवव्या रात्री घातलाच नाही. दहाव्या रात्री दोन तास. अकराव्या रात्रीपुढे फक्त एक आडवी रेघ आहे.

बाराव्या दिवशी त्या गार्ड परत करायला आल्या. ‘डॉक्टर, तुम्ही प्रयत्न केलात, पण माझे तोंडच असे आहे,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, क्षमायाचना होती. मला ते जास्त लागले.

वही काय सांगत होती

अकरा ओळी एकाखाली एक वाचल्यावर दोन प्रकारचे आकडे वेगळे होत गेले. लाळ, उमासे आणि दातांवरचा दाब यांचे आकडे गार्ड घातलेल्या प्रत्येक रात्रीगणिक उतरत होते. दुखणे आणि जुळणी परत येण्याचा वेळ यांचे आकडे चढत होते, आणि गार्ड जितके तास तोंडात राहिला तितके अधिक चढत होते. शिवाय पहिल्या गटातील तक्रारींना बाजू नव्हती. दुसऱ्या गटातील प्रत्येक नोंदीत ‘डावे’ असा शब्द होता.

सवय ही उतरणारी गोष्ट आहे. तोंडातील स्पर्शाची जाणीव सतत त्याच प्रकारची येत राहिली की मेंदू तिच्याकडे लक्ष देणे कमी करतो; नवा चष्मा, नवी अंगठी यांच्या बाबतीतही हेच घडते. पण एकाच जागी आधी टेकणाऱ्या उंचवट्याची सवय होत नाही. त्या जागी रात्रभर भार येतो, जबडा त्याला चुकवण्यासाठी किंचित सरकतो, त्या बाजूचा स्नायू तसाच ताणून धरतो, आणि सकाळी गार्ड काढल्यावरही स्नायू त्या रात्रीच्या जागेवरून लगेच परतत नाही, म्हणून दात चुकीच्या ठिकाणी मिटतात. गार्ड काढल्यावर जुळणी काही मिनिटे, अगदी अर्धा तासही, वेगळी वाटणे सर्वसाधारण आहे. ती वेळ दिवसेंदिवस वाढत जाणे सर्वसाधारण नाही.

गार्ड पुन्हा बसवला. या वेळी भूल नव्हती. रुग्णाला सरळ बसवून निळा कागद धरला तेव्हा डाव्या पहिल्या दाढेखाली एक गडद ठिपका उमटला, त्याच्या मध्यभागी रंग दाबाने निघून गेल्यामुळे पांढरे वर्तुळ होते. खुर्ची आडवी केल्यावर, म्हणजे झोपेत असते तशा स्थितीत, तो ठिपका अधिक मोठा झाला आणि उजवीकडच्या दाढांखाली खूणच उमटली नाही. ८ मायक्रॉन जाडीची चकचकीत पट्टी उजवीकडच्या दाढांमध्ये धरली तर दात मिटलेले असतानाही ती अलगद बाहेर निघत होती. डावीकडे ती ओढून तुटली. रुग्ण एका दाढेवर झोपत होत्या.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. माप घेतले तेव्हा खालच्या डाव्या दाढेला कोपरा नव्हता. लॅबने त्या तुटक्या दाढेला धरून गार्डची खालची बाजू भरली. मग मी दाढेला नवा कोपरा दिला, आणि जिथे खोलगट जागा अपेक्षित होती तिथे उंचवटा आला. हे बसवण्याच्या दिवशीच लक्षात यायला हवे होते, परंतु त्या दिवशी खालची डावी बाजू बधिर होती. दातांभोवतीची जाणीव इतकी सूक्ष्म असते की मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी जाड वस्तूसुद्धा ओळखता येते. भूल दिल्यावर नेमकी हीच जाणीव जाते. रुग्णाला स्पष्ट जाणवत होती ती एकच बाजू, उजवी. म्हणून उजवीकडे आधी लागते असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि मी उजवी बाजू खरवडून डावीकडचा फरक आणखी वाढवला. कागदावरच्या खुणांपेक्षा रुग्णाच्या उत्तरावर विसंबणे एरवी चुकीचे नसते. बधिर तोंडाला प्रश्न विचारणे मात्र चुकीचे होते, आणि एक फेरी वाचवण्याच्या नादात ती स्थिती मीच निर्माण केली होती.

दुरुस्तीला पस्तीस मिनिटे लागली. प्रथम डावीकडचा उंचवटा थोडा थोडा खरवडला, प्रत्येक वेळी आधी आडवे झोपवून आणि मग बसवून तपासले. उजवीकडे गरजेपेक्षा अधिक खरवडले गेले होते, तेथे खुर्चीतच अॅक्रिलिकचा पातळ थर चढवून पुन्हा समतल केला. शेवटी पट्टी दोन्हीकडे सारखीच अडकू लागली. टाळूच्या बाजूची कड पुढच्या दातांमागे मला एरवी चालली असती इतकी जाड होती; उमासे येण्याची ती खरी जागा असावी असे वाटून तीही पातळ केली. रुग्णाने जीभ फिरवून पाहिली आणि पहिल्यांदा काही न विचारता मान हलवली.

दुसरी सुरुवात

या वेळी थेट रात्रीपासून सुरुवात केली नाही. पहिले चार दिवस झोपण्यापूर्वी अर्धा तास गार्ड घालून मोठ्याने वाचायला सांगितले. मोठ्याने वाचताना दात मिटता येत नाहीत, त्यामुळे गार्ड तोंडात असणे आणि तो चावणे या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. शिवाय लाळेचा पहिला लोंढा जागेपणीच ओसरतो. बाईंनी यासाठी त्या दिवशीचीच मुद्रिते निवडली, आणि गार्ड घालून वाचताना चुका अधिक सापडतात असा दावा केला. तो मी तपासलेला नाही.

गार्ड घालताना तो दातांनी चावून जागी बसवायचा नाही, दोन्ही अंगठ्यांनी दाढांच्या बाजूंनी वर दाबायचा, आणि काढताना एका बाजूने न उपटता दोन्हीकडून सारखा खाली ओढायचा, हे पुन्हा हातांनी करून दाखवले. उमासे येऊ लागल्यास मान किंचित पुढे झुकवून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. रात्री काढून टाकला गेला तर पुन्हा घालण्यासाठी स्वतःशी झगडू नये, दुसऱ्या रात्री पुन्हा सुरुवात करावी. स्वच्छतेबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगितली: साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, गरम पाणी लावू नका. गरम पाण्याने अॅक्रिलिक वाकते आणि मग इतक्या मेहनतीने केलेली पातळी एका मिनिटात जाते. टूथपेस्टमधील खरखरीत कणांनी पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साचते, म्हणून तीही नको. वाळवून हवा खेळणाऱ्या डबीत ठेवावा. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर. लाळेचा वास असलेले अॅक्रिलिक कुत्र्यांना फार प्रिय असते.

पाचव्या दिवसापासून रात्रीचा वापर सुरू झाला. पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच रात्री पूर्ण, दुसऱ्या आठवड्यात सहा. जुळणी परत येण्याचा वेळ पंधरा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आला. डाव्या कानशिलाचे दुखणे नवव्या सकाळी शून्य झाले. सकाळचा जडपणा मात्र अधूनमधून राहिला, दोन्हीकडे सारखा. तिसऱ्या आठवड्यात कामानिमित्त बाहेरगावी जाताना गार्ड घरीच विसरला आणि नऊ रात्री खंड पडला. परतल्यावर तो इतका घट्ट वाटला की पुन्हा काही बिघडले अशी त्यांना भीती वाटली. काही दिवस मोकळे राहिलेले दात केसभर सरकू शकतात. दोन रात्रींत तो पूर्ववत बसला आणि वहीतील दाबाचा आकडा पुन्हा उतरला. आकडा कोणत्या दिशेने जातो आहे हे पाहायला बाई एव्हाना माझ्याशिवायच शिकल्या होत्या.

सहा आठवड्यांनंतरची निराशा

सहाव्या आठवड्याच्या भेटीत गार्डवर, डाव्या सुळ्याखाली, घासून आलेली चकचकीत वळणदार रेघ दिसली. मला ती दिलासा देणारी वाटली. रुग्णाला धक्का बसला. ‘म्हणजे मी अजून दात खातेच!’ त्यांची समजूत अशी होती की गार्डने दात खाणे थांबते. ती मीच वेळीच दूर करायला हवी होती.

झोपेतील दात खाण्याचे मूळ दातांत नसते. हलक्या झोपेत मेंदू ३ ते १५ सेकंदांसाठी किंचित जागृत होतो, त्याबरोबर हृदयाचे ठोके थोडे वाढतात, आणि मग जबड्याचे स्नायू लयीत आवळले जातात. दात एकमेकांवर घासण्याची क्रिया या साखळीत शेवटी येते. अशी लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या अनेक लोकांच्या झोपेतही आढळते, म्हणून निरोगी व्यक्तीतील या प्रकाराला आजार न म्हणता स्नायूंचे वर्तन म्हणावे, असे २०१८ च्या सहमतीत मांडले आहे. दातांवर बसवलेले अॅक्रिलिक मेंदूपर्यंत पोहोचत नाही. गार्ड नवा असताना काही आठवडे स्नायूंची हालचाल कमी झालेली दिसू शकते, पण ती बहुधा पुन्हा वाढते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ मधील आढाव्यात झोपेतील दात खाण्यावर गार्डचा उपचार म्हणून परिणाम सिद्ध करणारा पुरेसा पुरावा मिळाला नाही, मात्र दातांची झीज रोखण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो असे म्हटले होते. त्या वळणदार रेघेचा अर्थ एवढाच, की जी झीज सुळ्यावर व्हायची ती आता अॅक्रिलिकवर होत आहे. अॅक्रिलिक बदलता येते. एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, पुन्हा येत नाही.

येथे खुर्चीत पाहिलेला तो फुगणारा गाल मला आठवला. दिवसा दात मिटून बसणे आणि झोपेत दात खाणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही त्याच स्नायूला थकवतात, आणि त्यांतील दिवसाची सवय जागेपणी पकडता येते. रुग्णाने पडद्याच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका चिकटवला. त्यावर नजर गेली की एकच तपासणी करायची: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकलेली. पहिल्या दिवशी तपासलेल्या वीस वेळांपैकी चौदा वेळा दात मिटलेले आढळले. तीन आठवड्यांनी ही संख्या वीसपैकी चारवर आली. रात्रीचा कॉफीचा कप त्यांनी दुपारी हलवला. सकाळचा उरलेला जडपणा या काळात गेला, गार्ड सुरळीत बसल्यावर लगेच नव्हे, हे वहीतील तारखांवरून दिसते.

या प्रकरणावरून काय म्हणता येत नाही

डोके जड होणे गार्डमुळे गेले, दिवसाच्या सवयीमुळे गेले, कॉफीमुळे गेले की आपोआप गेले, हे या एका रुग्णावरून सांगता येणार नाही. दात खाण्याचे प्रमाण रात्रीगणिक पुष्कळ बदलते आणि लोक बहुधा त्रास शिखरावर असतानाच उपचाराला येतात, त्यामुळे नंतरची घट काही अंशी ठरलेलीच असते. विद्युत-नोंद न घेतल्याने रात्री काय कमी झाले आणि काय तसेच राहिले, हेही ठाऊक नाही. गार्डमुळे डाव्या कानशिलाचे दुखणे निर्माण झाले आणि गार्ड दुरुस्त केल्याने ते गेले, एवढे मात्र मी ठामपणे म्हणू शकतो. ते दुखणे गार्डपूर्वी एका बाजूचे नव्हते आणि दुरुस्तीनंतर परतले नाही.

माझ्या कामात दोन बदल झाले. फिलिंग, क्राउन (दातावर बसवायची टोपी) किंवा दातांचा आकार बदलणारे कोणतेही काम बाकी असेल तर ते आधी पूर्ण करतो, मग मापे घेतो, आणि गार्ड भूल न देता वेगळ्या भेटीत बसवतो. दुसरे म्हणजे फोनवर ‘त्रास होतो’ असे ऐकले की तीन प्रश्न विचारतो: त्रास कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, एका बाजूला आहे की दोन्ही, आणि सकाळी दात आपले वाटायला किती वेळ लागतो. त्रास कमी होत असेल आणि त्याला बाजू नसेल तर मी अजूनही ‘सवय होईल’ असेच सांगतो. तो वाढत असेल किंवा एका बाजूचा असेल, तर गार्ड घालणे थांबवून त्याच आठवड्यात भेटायला बोलावतो. जबडा अडकणे, एखादा दात हलू लागणे किंवा गार्ड घातल्यापासून घोरणे वाढून दिवसा झोप येणे यांसाठी मात्र कोणत्याही प्रश्नाची वाट पाहत नाही.

सहा महिन्यांच्या भेटीत डाव्या दाढेचे फिलिंग अखंड होते. गार्डवरील सुळ्याखालची रेघ आता खाच झाली होती, खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ती घासून सपाट करावी का, असे रुग्णाने विचारले. मी ती तशीच ठेवली आहे. वर्ष पूर्ण होईल तेव्हा त्याच जागी पुन्हा मोजायची आहे, आणि ती तारीख बाईंच्या वहीत माझ्या नोंदीआधी लिहिली गेली.